अज्जींच्या छातीतली ज्योत

"श्वास घ्या" हे दोन शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारले, तितका गायत्रीचा जपही माझ्या हातून झालेला नाही. जपाने निदान मनाला शांती मिळते. या दोन शब्दांनी माझे रक्त आटले.

यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथल्या क्ष-किरण विभागात मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. विभाग म्हणजे एक खोली, एक यंत्र आणि मी. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत पौरोहित्य करणारे. वडिलांनी मला संस्कृत पाठशाळेत घातले. पण घरात भाऊ पुष्कळ आणि यजमान थोडे, म्हणून मी क्ष-किरणांचा अभ्यासक्रम केला. सकाळी यंत्राला नमस्कार केल्यावाचून मी कळ दाबली नाही. दवाखान्यातले सहकारी याला हसत, पण यंत्र बिघडले की तेच मला म्हणत, "अण्णा, आज नीट नमस्कार केला नाहीत वाटतं!"

श्वासाची गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचा वैताग वाचकांना समजेल. मी मराठीत सांगे, "श्वास घ्या, रोखा." कन्नडात सांगे, "उसिरु तगोळ्ळि, हिडकोळ्ळि." हिंदीतही सांगे. कोणत्याही भाषेत सांगितले, तरी पहिल्या खेपेस नीट श्वास घेणारा मनुष्य मला क्वचितच भेटला. कुणी गाल फुगवून उभा राही, म्हणजे हवा तोंडात आणि फुप्फुसे रिकामी. कुणी खांदे कानापर्यंत नेई. बाजारातले हमाल विचारत, "किती घेऊ?" पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला एक लेथवाला दर वेळी प्रामाणिकपणे उत्तर देई, "घेतला!" आणि ते सांगण्यातच घेतलेला सगळा श्वास बाहेर पडे. त्याला मी हात जोडून म्हणालो, "बाबा रे, घेतलास हे मला सांगू नकोस. मला ते दिसतं. माझं कामच ते आहे."

या श्वासाचे एवढे काय, असे कुणी विचारील. फुप्फुसांच्या खाली घुमटाच्या आकाराचा स्नायूचा एक पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. छाती भरून श्वास घेतला की तो घुमट खाली उतरतो आणि फुप्फुसे मोकळी पसरतात. न घेता चित्र काढले, तर फुप्फुसे आखडलेली दिसतात आणि त्यांच्यामधले हृदय आडवे पसरून उगीच मोठे वाटते. धडधाकट मनुष्य कागदावर हृदयरोगी ठरतो. म्हणून मी घसा फोडीत असे.

आणि हृदय डावीकडे नसते. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहून खोलीच्या दारावर लावावे असे मला अनेकदा वाटले. पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक तरुण पडद्यावर आपली छाती पाहून घाबरला. "काका, हार्ट लेफ्टला असतं ना? मग हे मधे काय आलंय?" मी म्हणालो, "तेच आहे ते." तो म्हणाला, "नाही काका, शुअर आहात ना? एकदा सीनियर कुणाला विचारता का?" त्या विभागात माझ्याहून ज्येष्ठ केवळ ते यंत्र होते. संध्येत न्यास करताना आपण हृदयाला हात लावतो, तो छातीच्या मध्यावर. हृदय बंद मुठीएवढे असते. ते छातीच्या मधल्या हाडामागे, दोन फुप्फुसांच्या मध्ये राहते. त्याचे टोक तेवढे डावीकडे झुकलेले असते आणि ठोका तिथे लागतो, म्हणून चित्रपटातले नायक डावीकडे हात ठेवतात. डाव्या फुप्फुसाने या शेजाऱ्यासाठी अंग चोरून जागा करून दिलेली आहे. म्हणून उजव्याचे खंड तीन आणि डाव्याचे दोनच. इतका शेजारधर्म मी माणसांत फार थोड्या घरांत पाहिला.

आता माझ्या सर्वांत मोठ्या वैतागाकडे येतो, तो म्हणजे मागे टाकणे. छातीसमोर धातू नको, असे सांगितले की लोक गळ्यातली साखळी, ताईत, ओळखपत्र उचलून पाठीवर टाकतात आणि निश्चिंत होतात. बायका जाडजूड वेणी मागे सोडतात, मोगऱ्याच्या गजऱ्यासकट. पण क्ष-किरण पाठीतून शिरून छातीतून बाहेर पडतात आणि समोरच्या पाटीवर सावली पाडतात. त्या सावलीत पुढचे आणि मागचे एकाच पातळीवर येते. हवा काळी, हाड पांढरे, हृदय त्यांच्यामधले आणि धातू सर्वांहून पांढरा शुभ्र. वेणीची सावली फुप्फुसाच्या शेंड्यावर पडली की ती क्षयासारखी दिसते. हे मी किती जणींना समजावले! "अहो पण मागे आहे ना!" हे उत्तर ठरलेले.

या मागे टाकण्याचे परमोच्च उदाहरण म्हणजे गौरम्मा अज्जी.

अज्जी येण्याच्या आधी त्यांची छाती माझ्या फोनवर येऊन पोचली होती. भाच्याने पाठवलेल्या चित्रात छातीचा क्ष-किरण होता. त्यात हृदयावर एक तेजस्वी पांढरा गोल आणि खाली मजकूर की एका भक्त मातेच्या हृदयात साक्षात शिवज्योती प्रकट झाली आहे, दर्शन घ्या आणि पुढे पाठवा. मी पाहताक्षणी ओळखले की ही धातूची सावली आहे. भाच्याला तसे कळवले. त्याने उलट विचारले, "मामा, तुम्ही असून असं बोलता?" मी फोन ठेवून दिला.

पुढे काही दिवसांनी तीच फिल्म भगव्या वस्त्रात गुंडाळलेली माझ्या खोलीत आली. ती घेऊन येणारे शिवण्णा, बाजारात त्यांची कांदा-बटाट्याची अडत. बरोबर त्यांची आई गौरम्मा अज्जी, ठेंगणी, वाकलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, ओठांवर अखंड "नमः शिवाय" आणि मधूनमधून खोल खोकला. मागे शिवण्णांची सून सुमा, नुकतीच बाळंत झालेली; बाळाला आपल्या आईकडे ठेवून आलेली. बोलणे सगळे कन्नडात झाले, ते मी मराठीत देतो.

"सर, आधी हात जोडा," शिवण्णा म्हणाले आणि त्यांनी वस्त्र सोडले. फिल्मच्या कोपऱ्यावर विभूतीची तीन बोटे उमटलेली होती.

मी हात जोडले. विभूतीपुढे हात जोडायला मला कारण लागत नाही. मग फिल्म प्रकाशपेटीवर लावली आणि तेच हात कपाळाला लावून घेतले.

अज्जी लिंगायत. त्यांच्यात इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात धारण करतात आणि ते देहापासून कधीही वेगळे करीत नाहीत. पांढरा गोल म्हणजे ती डबी, हे उघड होते.

"हे चित्र काढताना डबी कुठे होती?" मी विचारले.

"पाठीवर!" शिवण्णांचा चेहरा उजळला. "तेच तर सांगतो सर. तिथल्या माणसानं सांगितलं, अज्जी, मागे टाका. मागे टाकली. छातीवर काही म्हणजे काही नव्हतं. तरी हृदयात दिसला की नाही?"

मी त्यांना खिडकीपाशी नेले. उन्हात एक हात पुढे धरला, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन तो मागे धरला आणि भिंतीवरची सावली दाखवली. "बघा, पेला मागे आहे. सावलीत कुठे आहे?"

"हातावर."

"मग?"

शिवण्णांनी विचार केला. "सर, पेल्याची सावली पडते हो. देवाची पडते का?"

मी पेला खाली ठेवला.

"मावा," सुमा सासऱ्यांना म्हणाली, "तिथल्या डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, धातू बाजूला करून परत काढा. तुम्ही कागद वाचलाच नाही. फोटो काढला आणि सगळ्या गावाला पाठवला."

"देव दिसल्यावर कागद कोण वाचतं?"

"माझी आई वाचते! अज्जींचा खोकला किती दिवसांचा आहे? छाती स्वच्छ आहे असं डॉक्टर सांगेपर्यंत ती बाळाला या घरात पाठवणार नाही. आणि मीही आणणार नाही."

अज्जींचा जप थांबला. त्या पहिल्यांदाच बोलल्या, माझ्याकडे न पाहता, पेटीवरच्या आपल्या छातीकडे पाहत.

"पणतीला मी अजून बघितलं नाही. फोनमध्ये दाखवतात. फोनमध्ये वास येत नाही बाळाचा." मग थोडे थांबून म्हणाल्या, "आमच्या घरात बाळाला लिंग बांधतात तेव्हा ते थोरल्या बाईच्या मांडीवर असतं. माझ्या सासूच्या मांडीवर हा शिवण्णा होता. ही मांडी रिकामी आहे."

त्या गोलाकडे मी पुन्हा पाहिले. डबी हृदयावर आणि त्याच्या डाव्या बाजूला बरोबर बसली होती. हृदयाच्या मागेही डाव्या फुप्फुसाचा एक भाग असतो. आधीच तो हृदयाआड, त्यावर आता चांदी. तिथे काय दडले आहे, हे ब्रह्मदेवालाही दिसले नसते.

"पुन्हा काढू," मी म्हणालो. "अज्जी, लिंग देहापासून वेगळं करा असं मी सांगणार नाही. फक्त छातीवरून आणि पाठीवरून हलवू. मुठीत धरा. मुठी कमरेवर ठेवून खांदे पुढे टाकायचे, बस."

अज्जींनी डबी मुठीत घेतली, कमरेकडे नेली आणि तिथेच थबकल्या. "नाभीच्या खाली नाही."

"बरं. हात वर करून या पाटीला मिठी मारा."

मिठी मारली. हात थरथरले, घसरले आणि डबी पुन्हा फुप्फुसासमोर येऊन ठेपली.

"दंडाला बांधू का सर?" शिवण्णा दारातून.

"दंड छातीला चिकटतो."

"गळ्यात आवळून, अगदी वर?"

"फुप्फुसाचे शेंडे गळ्यापर्यंत जातात, शिवण्णा! क्षय बहुधा तिथेच बसतो!"

"मग तुम्हीच सांगा ना सर. तुम्ही शास्त्री आहात."

मी शास्त्री खरा. परंतु बाहेर रांगेत पीण्याच्या एका कारखान्याचे कामगार वार्षिक तपासणीसाठी खोळंबले होते, त्यांतला एक दर दोन मिनिटांनी दार वाजवून "सार, स्वल्प बेगा", म्हणजे जरा लवकर, असे म्हणत होता, आणि माझ्या संयमाचा शेवटचा धागा तुटला.

"अज्जी," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला होता, "देव तुमच्या हृदयात आहे, हे मला या यंत्राकडून कळायला नको. तुमच्याकडे बघून कळतं. पण तो जिथे उभा आहे, त्याच्यामागे मला बघायचं आहे. मी मघापासून त्याच्या विनवण्या करतो आहे. तो माझं ऐकत नाही. तुमचं ऐकत असेल तर त्याला जरा सरकायला सांगा!"

मला वाटले, आता अज्जी उठून जातील. त्या हसल्या, हसता हसता खोकल्या आणि खोकला आवरल्यावर म्हणाल्या, "मग डोक्यावर घेते. डोक्यावर चालतो ना हो शास्त्री?"

चालतो. मस्तक हे धारणेचे उत्तम स्थान, हे मला पाठ होते. पण घाईत आणि रागात आठवले नव्हते.

"घरात सगळेच माझ्या डोक्यावर बसलेत," अज्जी मुलाकडे बघून म्हणाल्या, "हा एकटाच खाली राहिला होता."

सुमाने डबी त्यांच्या डोक्यावर ठेवली, पदराने घट्ट बांधली आणि ती बाहेर गेली. अज्जींची छाती मी पाटीला टेकवली, हनुवटी वर घेतली, काचेआड गेलो आणि म्हणालो, "उसिरु तगोळ्ळि."

"तगोंडे," अज्जी म्हणाल्या. घेतला.

तो लेथवाला मला आठवला. "अज्जी, सांगू नका. नुसता घ्या. हिडकोळ्ळि. धरून ठेवा."

आता ओठ हलू लागले. नमः शिवाय. प्रत्येक नामाबरोबर थोडा थोडा श्वास बाहेर.

"अज्जी, जप मनात."

"मनातच आहे."

"ओठ हलतात!"

"ते त्यांचं काम करतात, तुम्ही तुमचं करा."

मी काचेवर डोके टेकले. जपापासून कुणाला थांबवण्याची पाळी माझ्यावर यावी, याचे मला मनापासून वाईट वाटले. मग मघाचे त्यांचे एक वाक्य आठवले.

"अज्जी," मी शांतपणे म्हणालो, "तुमची पणती मांडीवर आहे असं समजा. टाळूचा वास घ्या तिच्या. खोल, सगळा. आणि सोडू नका."

अज्जींचे डोळे मिटले. नाकपुड्या फुलल्या, फासळ्या वर आल्या, छाती अशी भरली की वाकलेली पाठसुद्धा किंचित सरळ झाली. ओठ थांबले. मी कळ दाबली. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा उत्तम श्वास मला कुणी दिला नाही.

"सोडा," मी म्हणालो. त्यांनी लगेच सोडला नाही.

चित्र निर्मळ आले. शिवण्णा आत आले, पडद्याजवळ गेले, मागे गेले, मान तिरकी करून पाहिले. "सर," ते काळजीने म्हणाले, "यात देव कुठे आहे?"

"डोक्यावर!"

"म्हणजे चित्र नीट नाही आलं. परत काढता का?"

मी त्यांना बाहेर बसायला सांगितले. ज्या शब्दांत सांगितले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई फार शांत. त्यांनी चित्र पाहिले आणि हृदयाच्या करड्या सावलीवर बोट ठेवले. तिच्या आरपार, मागे, एक विरळ डाग दिसत होता. चांदीची डबी होती बरोबर त्याच जागी. "थुंकी तपासायला पाठवू," त्या म्हणाल्या. तपासणीत क्षय निघाला.

बातमी सांगताना मीही खोलीत होतो. सुमाने अज्जींचा हात धरला. डॉक्टरबाईंनी औषधे समजावली; सरकारी औषध फुकट मिळते आणि नियमाने घेतले तर हा रोग बरा होतो, हे सांगितले. तोवर बाळ मात्र लांब.

"लिंगधारणा ठरली आहे," शिवण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "गुरूंना सांगून झालंय. अम्मा दारातून बघेल."

"बघीन," अज्जी म्हणाल्या.

"नाही," सुमा म्हणाली. "मावा, गुरूंना मी सांगते. अज्जी बऱ्या होईपर्यंत बाळाला लिंग बांधायचं नाही. मांडी हीच. मांडी बदलून मला कार्य नको."

शिवण्णांनी तोंड उघडले, सुनेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले. ते म्हणाले, "सरी." ठीक आहे.

औषधे चालू झाली. अज्जी मधूनमधून तपासणीला येत. गोळ्यांनी मळमळते, तोंडाची चव जाते, अशी कुरकुर त्या करीत, पण एकही गोळी चुकवीत नसत. छातीचे चित्र पुन्हा काढायचे ठरले, तेव्हा त्या माझ्या खोलीत शिरल्या त्याच डबी डोक्यावर बांधून. रांगेतली माणसे बघत होती. पाटीला आपणहून टेकल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत छाती भरून, ओठ मिटून उभ्या राहिल्या. डाग विरला होता. पुढे थुंकीही निर्दोष आली आणि डॉक्टरबाईंनी मोकळीक दिली.

त्यानंतर लवकरच मी निवृत्त झालो. लिंगधारणेचे निमंत्रण माझ्या जे. पी. नगरच्या घरी आले. शिवण्णा स्वतः आले होते. "सर, तुम्ही आल्याशिवाय कार्य नाही," असे म्हणून त्यांनी मला गाडीत घातले.

त्यांच्या देवघरात शिरलो आणि पाय जागीच थबकले. भिंतीवर चौकटीत ती पहिली फिल्म, पांढऱ्या गोलासकट, ताजी विभूती लावलेली. मी शिवण्णांकडे पाहिले.

"असू द्या हो सर," ते म्हणाले. "लोक दर्शनाला येतात."

"मी तुम्हाला पेला दाखवला होता."

"दाखवला होता की. आणि तुमचं चित्रही लावलंय. ते बघा."

खरेच. शेजारी दुसरी चौकट होती. तिच्यात माझे चित्र, निर्मळ, पूर्ण श्वासातले, हृदयामागचा डाग स्पष्ट दिसणारे. त्यालाही विभूती. एका भिंतीवर सावली आणि तिचे खंडन शेजारी शेजारी पुजले जात होते आणि दोघांपुढे एकच समई. मी हात जोडले, दोन्हींना मिळून एकदाच.

अज्जी पाटावर बसल्या होत्या. मांडीवर पणती, वेळ गेल्यामुळे आता चांगली बाळसेदार. गुरूंनी इवलेसे लिंग तिच्या गळ्यात बांधायला घेतले. अज्जी वाकल्या, तिच्या टाळूवर नाक टेकवले आणि तशाच राहिल्या. सुमा पदराने डोळे टिपत होती. दोरा मानेला लागला तशी ती मुलगी कडाडून रडू लागली. शिवण्णा खुळखुळा वाजवू लागले, बायका चुटक्या वाजवू लागल्या.

"शास्त्री, तुम्ही तरी सांगा हिला काहीतरी," अज्जी हसत म्हणाल्या.

तेवढ्यात रडणे क्षणभर थांबले. पुढच्या आरोळीसाठी तिने श्वास घेतला. फासळ्या उघडल्या, पोट वर आले, ती चिमुकली छाती काठोकाठ भरली. कुणी न सांगता, कुणी न विनवता. माझ्या तोंडून सवयीने शब्द गेला, "हिडकोळ्ळि."

तिनेही ऐकले नाही.